परळापलीकडची मुंबई



मुंबईत राहणाऱ्या बाईकडं गावाकडून पाहुणे येतात ते बहुतेक तीन कामांसाठी. लग्न, मुलांची परीक्षा किंवा इंटरव्ह्यू, आणि परळ. परळ म्हणजे टाटा हॉस्पिटल, हे आपल्याकडं वेगळं सांगावं लागत नाही. "अमकीला मुंबईला नेलंय" असं कुणी हळू आवाजात म्हटलं की समोरची बाई पुढं काही विचारत नाही, फक्त हातातलं काम थांबवते. १९४१ साली सुरू झालेलं ते हॉस्पिटल मुंबईकरांसाठी शहरातला एक पत्ता असेल. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांसाठी तेवढीच मुंबई आहे.

या फेब्रुवारीत माझ्याकडं तीन मैत्रिणी आल्या. तिघी जयसिंगपूरच्या शाळेतल्या, एका बाकावरच्या म्हटलं तरी चालेल. नावं लिहीत नाही, रागावतील. गावावरूनच बोलते. लग्नानंतर आपली ओळख तशीही सासरच्या गावानंच होते. एक नांदणीची, एक कुरुंदवाडची, आणि तिसरी जयसिंगपुरातच दिली ती जयसिंगपूरची. मी तेवढी लांब, माहुलला.

कुरुंदवाडचीचं तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी. आठ-नऊ वेळा ती मुंबईला येऊन गेली. रात्रीच्या महालक्ष्मीनं यायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टेकायचं, परळच्या रांगेत दिवस काढायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत. मी दर वेळी म्हणायची, "अगं, माझ्याकडं उतर." ती म्हणायची, "औषधाचा वास अंगाला लावून पाहुणी होऊ नये." मीच डबा घेऊन परळला जायची. तिथल्या फुटपाथवर बसून आम्ही जेवायचो आणि शाळेतल्या बाईंच्या नकला करायचो. नकला करताना ती हसायची, डोळे मात्र टोकनच्या नंबरावर.

जानेवारीत तिचा फोन आला. "ह्या वेळी मी तुझ्याकडं येतो. दोन दिवस आधी येतो. मला मुंबई दाखव. सोमवारी परळ हायच."

कोल्हापूरकडच्या बायका "येतो, जातो, करतो" म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुंबईत आले तेव्हा पहिल्या वर्षी शेजारणी हसल्या आणि मी "येते, जाते" शिकले. बावीस वर्षं तसंच बोलते. पण या तिघींपैकी एकीचा जरी फोन आला तरी तिसऱ्या वाक्याला माझं "येतो" होतं. घरातले हे लगेच म्हणतात, "लागला कोल्हापूरचा नंबर."

एकीनं यायचं ठरवल्यावर बाकीच्या दोघी मागं राहतात होय! "ती एकटी कशी येणार" असं नवऱ्यांना सांगून त्याही निघाल्या. कारण खरंच होतं, फक्त निम्मं.

आता प्रश्न होता दाखवायचं काय. पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हणजे गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक आणि एखाद्या नटाचा बंगला अशी एक यादी असते. टुरिस्ट बस ती यादी एका दिवसात संपवते आणि पाहुणे घरी येऊन पाय चेपत बसतात. मला यादीच्या आधी घड्याळ बघावं लागलं. नांदणीचीला देवदर्शनाशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही असा नियम आहे. तिघींचाही रात्रीभोजनाचा त्याग. शनिवारी माघ शुद्ध अष्टमी, म्हणजे नांदणीचीचं एकाशन आणि बाकीच्यांना हिरवी भाजी नाही. कुरुंदवाडचीला डाव्या हातानं वजन उचलायचं नाही आणि त्या बाजूला गर्दीचा धक्का लागू द्यायचा नाही. मुंबईत धक्का न लागता फिरायचं म्हणजे लोकलच्या वेळा पाठ हव्यात, आणि स्वच्छ संडास कुठं आहेत तेही. (हे कुठल्याच प्रवासाच्या पुस्तकात पहिल्या पानावर नसतं. असायला हवं.)

म्हणून मी त्यांना दादरला उतरू दिलं नाही. शेवटपर्यंत, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत बसून राहा म्हटलं. सकाळी स्टेशनवरून टॅक्सीनं सी. पी. टँकला, यांच्या मामेबहिणीकडं आंघोळी, आणि तिथून गुलालवाडीच्या पार्श्वनाथाच्या दिगंबर मंदिरात. भुलेश्वरच्या त्या गल्ल्यांत हातगाड्या, लोखंडाची दुकानं, डोक्यावर ओझी घेतलेले हमाल आणि मधेच देऊळ. नांदणीची म्हणाली, "देव बी मुंबईत भाड्यानं राहिल्यासारखा दिसतो की गं." आत गेल्यावर मात्र तिघी गप्प झाल्या. कुरुंदवाडची बराच वेळ उठलीच नाही. आम्ही बाहेर ओट्यावर थांबलो.

जवळच हिराबाग आहे. सुरतेचे सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडिलांच्या नावानं उभारलेली धर्मशाळा. १९०२ मध्ये दिगंबर तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली, तिचं कार्यालयही इथलंच. १८५१ साली जन्मलेल्या या माणसानं मोती-जवाहिरात पैसा मिळवला आणि मुलांच्या वसतिगृहांत घातला. कोल्हापूरच्या आपल्या जैन बोर्डिंगलाही त्यांचाच हात लागला. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा निघाली ती शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवायला. त्या पोरांना कोल्हापुरात राहायला जागा झाली ती अशा दानातून. कुंभोजचे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर, त्याच बोर्डिंगमध्ये राहिले. माझे आजोबाही दोन वर्षं तिथं होते. जयसिंगपूरची म्हणाली, "माझे बी होते. म्हणजे ह्या शेठजींच्या पैशानं आपले आजे शिकले, आणि आपण आज पहिल्यांदा दारात!" मी मुंबईत नवीन आले तेव्हा मला हे कुणी दाखवलं नव्हतं, वाचून शोधावं लागलं. मुंबईत कुणाला "आम्ही जैन" म्हटलं की लोक गुजरातीत बोलायला लागतात. आडनाव पाटील सांगितलं की परत विचारतात, "पाटील? आणि जैन?" अशा वेळी हिराबागेसारखी एखादी जागा ठाऊक असली म्हणजे बरं वाटतं. या शहरात आपलाही जुना धागा आहे.

दुपारी माहुलला आलो. इथं जरा थांबून सांगते, कारण माहुल बघायला कुणी येत नाही. चेंबूरहून रस्ता आत वळला की दोन्ही बाजूंना भिंती, भिंतींच्या आत टाक्या, नळांची जाळी आणि धुराडी. १९५४-५५ मध्ये इथं दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग खताचा कारखाना, वीज केंद्र. त्याच्याही आधीपासून खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा होता, तो अजून आहे. आणि आता इमारतींच्या रांगा. शहरात दुसरीकडं घरं पाडली त्या लोकांना इथं आणून ठेवलं. इथल्या हवेबद्दल रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडं गेले, डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की आता आणखी कुणाला इथं पाठवू नका, ज्यांना पाठवलंय त्यांना दुसरीकडं भाड्यानं राहता येईल एवढे पैसे द्या. आमचं घर त्या इमारतींत नाही, यांची नोकरी जवळ म्हणून आम्ही आपणहून आलो. पण हवा काय भिंत बघून थांबत नाही.

टॅक्सीतून उतरल्या उतरल्या नांदणीचीनं पदर नाकाला लावला. एक वास कारखान्यांचा, त्यावर खाडीचा, आणि कोळीवाड्याकडून सुकत घातलेल्या मासळीचा. एकाशनाचा दिवस, सकाळचं दर्शन झालेलं, आणि हे. ती म्हणाली, "हितं कशी गं राहतीस?"

रागानं नाही म्हणाली. कीव होती, आणि कीव जास्त लागते. मी उत्तर जुळवत होते. मुलांची शाळा, यांची नोकरी, भाडं, असं काहीतरी. तेवढ्यात कुरुंदवाडची म्हणाली, "तीन वर्षं मी केमोच्या वासात काढली. त्याच्यापुढं हा वास म्हणजे चुलीवरचा धूर. चल वर."

घर एका खोलीचं आणि हॉलचं. हे आणि मुलगा हॉलमध्ये, आम्ही चौघी आत खाली गाद्या टाकून. पाणी मी सकाळीच गाळून उकळून भरून ठेवलं होतं. जैन घर असलं तरी पाहुणीला विचारावं लागू नये, तिला दिसावं, म्हणून गाळणं मुद्दाम हंड्यावर तसंच ठेवलं होतं. त्यांनी पिशव्या उघडल्या. कुरुंदवाडचे पेढे, काकवी, आणि लसूण न घातलेला भडंग. जयसिंगपूरचा भडंग लसणीशिवाय करायला लावणं म्हणजे दुकानदाराशी भांडणच, ते जयसिंगपूरचीनं केलं होतं. संध्याकाळी साडेपाचला जेवणं उरकली. मग रात्री एक वाजेपर्यंत कुणी कुणाला झोपू दिलं नाही.

रविवारची सकाळ मी रोहित पक्ष्यांसाठी ठेवली होती. फ्लेमिंगो हो. हिवाळ्यात ते शिवडी-माहुलच्या चिखलात हजारोंनी उतरतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. पण ते केव्हाही गेलं तर दिसत नाहीत. ओहोटीला चिखल उघडा पडतो तसे ते पाण्याच्या कडेनं लांब जातात, पूर्ण भरतीला उभं राहायला जागा नसते. मधली वेळ साधावी लागते. ती वेळ मला सांगते ती कोळीवाड्यातली मावशी. माझ्या मुलाच्या वेळी ती मला ओळखायला लागली, तेव्हापासूनची ही मावशी.

मैत्रिणींनो, आपण पंचांगात तिथी कशाला बघतो? अष्टमी-चतुर्दशी केव्हा, उपवास केव्हा, पर्वाचा दिवस कुठला. मावशी तिथी बघते पाण्यासाठी. तिचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास, पुढं रोज पाऊण-एक तास उशिरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी बेताचं. रविवारी सकाळी नवमी होती. नऊची पाऊणपट पावणेसात. "पावनेसातला भरेल, साडेआठला या," मावशी म्हणाली होती, "भांगाचं पानी, लय उतरणार न्हाय. पाखरं लांब जाणार न्हाईत."

नांदणीची हे ऐकून चकितच झाली. तिच्या घरी पंचांग देवाजवळ असतं. तिथी मासे धरायलाही लागते, हे तिच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या अष्टमीला त्यांचं पाणी बी एकाशन करतं म्हणायचं."

कोळीवाड्यातून जाणं मला टाळता आलं असतं, दुसऱ्या बाजूनंही खाडी दिसते. मी टाळलं नाही. बावीस वर्षं ज्यांच्या शेजारी राहिले त्यांच्या दारावरून पाहुण्यांना लपवून न्यायचं म्हणजे काय! जाळी पसरलेली, बायका निवडत बसलेल्या. नांदणीची नाकाला पदर लावून, नजर खाली घालून चालत होती आणि तोंडानं णमोकार चालला होता, मला ऐकू येत होता. तिला कुणी काही म्हटलं नाही, मीही नाही. तिचा नियम तिचा, आणि ती आली हेच खूप होतं.

मावशी धक्क्याजवळ उभी होती. तिनं हात लावला नाही, जवळही आली नाही, म्हणाली, "बसा, मी हात धुतलेत पन तुमचं तुम्हास्नी ठाऊक." मग नातवाला पाठवून चार शहाळी आणवली. नारळवाल्यानंच फोडली, त्यानंच हातात दिली. शहाळं म्हणजे कुणाचं भांडं नाही, कुणाच्या घरचं पाणी नाही. आमचं दर्शन घरच्या प्रतिमेसमोर झालेलं होतं. नांदणीचीनं शहाळं घेतलं, पुरं प्यायली, आणि मावशीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मावशीनं हे कुठं शिकलं असेल? मी तिला कधी सांगितलेलं नाही. बावीस वर्षांत तिनं माझ्या दारात एकदाही मासळीचं टोपलं टेकवलेलं नाही, तेही मी सांगितलं नव्हतं.

आणि रोहित होते. आधी नुसती गुलाबी रेघ, मग पाणी उतरायला लागलं तशी ती रेघ सुटी होत आली. एक पाय, दुसरा पाय, मान खाली, चोच उलटी धरून चिखलातलं पाणी गाळत. मागं टाक्या आणि धुराडी, शिवडीच्या बाजूला धुक्यात २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू. जयसिंगपूरचीनं विचारलं, "खातात काय?" मी वाचलेलं सांगितलं. मोठा रोहित बारीक किडे-कोळंबीही खातो, पण छोटा रोहित मुख्यतः शेवाळावर जगतो आणि त्या खाण्यामुळंच तो गुलाबी होतो. पिल्लं करडी-पांढरी असतात.

"म्हणजे शाकाहारी! पाणी बी गाळून घेतो. रोहित जैनच म्हणायचा की!"

"कसला जैन," नांदणीची म्हणाली, "शेवाळ म्हणजे अनंतकाय. आणि दिवसभर खातोय बघ, एकाशन न्हाई काही न्हाई."

कुरुंदवाडची इतकी हसली की तिला बसावं लागलं. मावशीला काही कळलं नाही, पण तीही हसली. मग तिनं तिला विचारलं, "हात दुखतो काय?" डाव्या हाताला तो विशिष्ट घट्ट बाह्या असतो ना, सूज येऊ नये म्हणून, तो दिसला होता. कुरुंदवाडचीनं सांगितलं. आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं तेवढं तिनं त्या अनोळखी बाईला सांगितलं. रात्री हात जड होतो, कुशीवर झोपता येत नाही, केस परत आले तेव्हा कुरळे आले. मावशी म्हणाली तिच्या धाकट्या जावेचंही तेच झालंय. दोघी पंधरा-वीस मिनिटं बोलत बसल्या. आम्ही पक्षी बघत राहिलो, म्हणजे बघितल्यासारखं करत राहिलो.

दुपारी लोकलनं गावात गेलो. रविवारी बाराला हार्बरच्या बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते. कुरुंदवाडचीला डावीकडं खिडकी येईल अशी जागा धरली. गेटवेवर फोटो काढले, तिथं फार वेळ काढण्यासारखं मला काही वाटत नाही, कबुतरं आणि फोटोवाले. ती दोन्ही घरीही बघायला मिळतात.

तिथून गिरगाव चौपाटी. इथं घड्याळाची अडचण होती. यांना राणीचा हार बघायचा, म्हणजे मरीन ड्राइव्हचे दिवे. दिवे लागतात सूर्यास्तानंतर आणि आमची जेवणं त्याआधी. सूर्यास्त साडेसहाच्या पुढं, त्याच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी उरकायचं. मी डबा बरोबर घेतला होता. दशम्या, कच्च्या केळ्याची भाजी, दाण्याची चटणी, आणि गाळलेलं पाणी. साडेपाचला वाळूत चादर टाकून जेवलो, डबे पुसून पिशवीत बंद केले. मग अंधार पडेपर्यंत आजूबाजूची सगळी चौपाटी भेळ, कुल्फी, पावभाजी खात होती आणि आम्ही चौघी रिकाम्या हातानं समुद्र बघत होतो. एक भेळवाला तीनदा आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "जैन बनवून देतो, आंटी." जयसिंगपूरची त्याला म्हणाली, "बाबा, भेळ जैन होईल, सूर्य कसा होणार?"

दिवे लागले. एकेक करून नाही, एकदम लागल्यासारखे. कुरुंदवाडची बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "हितनं परळ किती लांब?"

"सहा-सात किलोमीटर असेल."

"एवढंच?" ती म्हणाली. "तीन वर्षं समुद्र एवढा जवळ होता आणि मला कुणी सांगितलं न्हाई."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तिला कुणी सांगितलं असतं तरी त्या तीन वर्षांत तिला तो दिसला असता का, कोण जाणे. तिनं चपला काढल्या आणि पाण्यात जाऊन उभी राहिली, साडी भिजू दिली. नांदणीची मागं ओरडत होती, "अगं सर्दी होईल, उद्या तपासणी हाय!"

रात्री नऊला ती उठली, गोळी घेतली, पाण्याचा अर्धा ग्लास. जयसिंगपूरचीनं सहज विचारलं, रात्री पाणी चालतं का. तिनं सांगितलं, नियम घेतला तेव्हाच औषध-पाण्याची सूट ठेवून घेतला होता. माताजींनीच सांगितलं होतं, की निभेल असाच नियम घे, मोडून रडत बसण्यापेक्षा. आजारी माणसाच्या घरातल्या बायकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे म्हणून मुद्दाम लिहिते. पुष्कळ जणी नियम मोडेल या भीतीनं रात्रीची गोळी चुकवतात आणि डॉक्टरला सांगतही नाहीत.

सोमवारी पहाटे मोनोरेल. म्हैसूर कॉलनीहून बसलो. वरून आमचे कारखाने, टाक्या, मधेच तिवरांची हिरवी पट्टी असं सगळं दिसतं. ती खिडकीला नाक लावून बसली होती आणि दोघींना दाखवत होती, "ती बघ खाडी. कालचे पक्षी त्या बाजूला." जणू माहुल तिचंच. परळला पोचलो तेव्हा मात्र तिचा चेहरा परत तसाच झाला, टोकनचा नंबर बघणारा. रांग, फाइल, रक्त, फोटो, परत रांग. आम्ही तिघी पाळीपाळीनं तिच्याजवळ बसलो. नांदणीचीनं त्या दिवशी पहिल्यांदा ते आवार बघितलं. लहान मुलांच्या बाजूला ती गेली आणि लगेच परत आली. तिनं पुन्हा माहुलच्या वासाचं नाव काढलं नाही. साडेतीनला डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, सहा महिन्यांनी या. तिनं तीनदा विचारून घेतलं. चौथ्यांदा मी विचारलं.

फुटपाथवर डबा उघडला, नेहमीच्याच जागी. या वेळी तिनं बाईंची नक्कल पूर्ण केली.

रात्री गाडीत बसवून दिलं. आठवड्यानं जयसिंगपूरहून कुणी येणारं होतं, त्यांच्या हातून काकवीच्या दोन बाटल्या आल्या. एकीवर चिठ्ठी होती नांदणीचीच्या अक्षरात, "मावशीला". मी दिली. मावशीनं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, ही भाकरीबरोबर खायची का नुसती.

पुढची तपासणी ऑगस्टात. तेव्हा रोहित नसतील, खाडी फुगलेली असेल, आणि तिकडं कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टात त्यांच्या घरात पाणी आलं होतं, त्यामुळं पाऊस जास्त दिसला तर आठ दिवस आधीच निघून ये असं मी तिला सांगून ठेवलंय. चातुर्मास असणार, हिरव्या भाज्या नाहीत, दशम्या आणि कडधान्यावर चालवू. ती म्हणाली, "त्या शेठजींच्या हिराबागेत पुन्हा जाऊ, आत नीट बघायचं राहिलंय. आणि समुद्र पावसात कसा दिसतो?" मी म्हटलं, ये, दाखवतो.